पाण्यात उतरण्याआधी हाक मारा: फ्लाय फिशिंग करणाऱ्या मराठी मित्रांना खुले पत्र

मित्रमैत्रिणींनो,

गेल्या डिसेंबरातली गोष्ट आधी सांगतो, कारण ती घडली तेव्हा मी तिथेच होतो आणि गप्प बसलो होतो.

पुण्याच्या पश्चिमेला एका धरणाच्या फुगवट्यावर आम्ही पाच जण महाशीर या माशासाठी गेलो होतो. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाण्यावर अजून धुकं होतं. साडेसहाच्या सुमारास आमच्यातल्या एकाची फ्लाय, म्हणजे पिसं-दोरे बांधून किड्यासारखा केलेला गळ, कशात तरी अडकली. आधी वाटलं, बुडालेल्या झाडाची फांदी असेल. त्यानं जोर लावला तशी पाण्यावरच्या रिकाम्या बाटल्यांची एक ओळच्या ओळ हलली, तेव्हा कळलं की खाली जाळं लावलेलं आहे. त्यानं ओढत ओढत जाळ्याची कड हाताशी आणली, खिशातून कात्री काढली आणि फ्लाय वाचवायला जाळं कापलं. चांगलं हातभर कापलं. फ्लाय दीडशे रुपयांची होती. ती टोपीला खोचून तो पुढच्या टोकाकडे निघून गेला. आम्ही चौघांनी हे पाहिलं आणि कुणी काही बोललं नाही.

अर्ध्या तासानं जाळ्याचा मालक आला. टायरच्या ट्यूबवर बसून, हातानं पाणी मारत. पन्नाशीचा असेल. त्यानं जाळं उचललं, भोक पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि काठाला येऊन एवढंच म्हणाला, "साहेब, हाक मारली असती तर येऊन सोडवून दिली असती की तुमची गरी. मी त्या पलीकडंच होतो."

मग तो काठावर बसून जाळं सांधायला लागला. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. चपट्या सुईवर नायलॉनचा दोरा गुंडाळलेला. डाव्या हाताची दोन बोटं फाटक्या घरात घालून तो माप घ्यायचा, सुई खालून वर काढायचा, गाठ आवळायचा, आणि प्रत्येक चार-पाच गाठींनंतर जाळं उजेडाकडे धरून घरं सारखी आलीत का ते बघायचा. पाऊण तास गेला. तोवर आठची जीप निघून गेली होती. त्या जीपनं त्याचे मासे बाजाराला जातात. मी पैसे देऊ केले. त्यानं घेतले नाहीत. "तुम्ही कापलं नाही ना," म्हणाला. मला त्या वेळी जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

आपल्या राज्यातल्या बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. त्या धरणाचाही आहे. म्हणजे तो माणूस त्या पाण्यात हक्कानं होता. आम्ही पाच जण कुणाला विचारून तिथे गेलो होतो? कुणालाच नाही. आणि तरी आम्ही त्याच्याकडे असं पाहत होतो, जणू तोच आमच्या खेळात मध्ये आला आहे.

आपण फ्लाय फिशिंगवाले स्वतःला जरा वेगळे समजतो, हे मान्य करू या. आपण बार्ब, म्हणजे उलटा काटा, दाबलेला हुक वापरतो, माशाला हात लावायच्या आधी हात ओले करतो म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये, फोटोसाठी त्याला फार वेळ पाण्याबाहेर धरत नाही, प्रवाहाकडे तोंड करून त्याला सावरू देतो आणि मग सोडतो. हे सगळं चांगलं आहे, मी स्वतः कितीतरी जणांना ते शिकवलं आहे. पण माशाबद्दल इतकी काळजी घेणारे आपण शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी कसे वागतो, याबद्दल मला आज बोलायचं आहे. मी या छंदात एकोणीस वर्षं आहे. तुमच्यापैकी अनेकांची पहिली लाइन माझ्यासमोर हवेत गेली. तेवढ्या हक्कानं लिहितो आहे, आणि थोड्या रागानंही.

इंग्लंडमध्ये 1496 साली छापल्या गेलेल्या एका मोठ्या ग्रंथात गळाच्या मासेमारीवर एक प्रबंध होता. रॉड कसा करावा, कोणत्या महिन्यात कोणती फ्लाय बांधावी, हे त्यात आहेच. पण शेवटी लेखकानं आपल्यासारख्यांना बजावलं आहे: गरीब माणसाच्या तळ्यात त्याच्या परवानगीशिवाय गळ टाकू नका. कुणाचं कुंपण मोडू नका. फाटक उघडलंत तर लावून घ्या. आणि पाण्यात कुणी मासे धरायची साधनं लावून ठेवली असतील तर ती मोडू नका, त्यात सापडलेले मासे काढून घेऊ नका. पाचशे वर्षांपूर्वी हे लिहावं लागलं, म्हणजे तेव्हाही कुणीतरी कुणाचं तरी जाळं कापत होतंच. त्या काठावर बसून मला तेच आठवत होतं.

आपल्यातले काही जण गळ-दांडीवाल्यांना, पिठाची गोळी लावून बसणाऱ्यांना नाक मुरडतात. हे लोक खेळाडू नव्हेत, असं म्हणतात. गळ काही साहेबानं आपल्याकडे आणलेला नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात गळानं मासे धरण्याच्या करमणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख येतो, तोच हा ग्रंथ. कोकणात मासे 'गरवायला' जाणाऱ्या पोराला पाण्याची जी नजर असते, ती आपल्यापैकी कितीजणांना आहे? भरतीचं पाणी कुठल्या दगडाआडून फिरतं, हे तो न बघता सांगतो.

आता तीर्थनची गोष्ट. कुलू जिल्ह्यातली ही नदी तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, लारजीला ती बियासला मिळते. तिथे आपण ज्याच्यासाठी जातो तो ब्राउन ट्राउट मासा आपल्या हिमालयात मूळचा नाही. काश्मीरला त्याची अंडी ब्रिटनमधून आणली गेली, पहिली खेप वाटेतच मेली आणि 1900 साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी जगली. कुलूत तो त्यानंतर काही वर्षांनी पोचला. काश्मीरमध्ये ट्राउटच्या नद्यांचे बीट, म्हणजे ठरावीक तुकडे, पाडलेले आहेत. त्या दिवशी तुमच्या बीटवर तुम्ही आणि परवाना असलेले मोजके लोक, बस. हिमाचलात परवाना घेतला तरी नदीचा तुकडा तुमच्या नावावर होत नाही. तिथे कोण कुठे उभा राहील हे सरकार ठरवत नाही, ते आपल्या वागण्यावर सोडलेलं आहे. म्हणूनच तिथे चुकलो की ते फार दिसतं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तीर्थनकाठच्या गुशैणी गावाच्या वरच्या अंगाला एक साठीचे गृहस्थ एका मोठ्या दगडामागे गुडघ्यावर बसलेले मी पाहिले. समोर पंचवीस-तीस फुटांवर एक मासा दर मिनिटाला पृष्ठभागावर येत होता. ते टाकत नव्हते, नुसते बघत होते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून आपण त्याच्या मागून, खालच्या बाजूनं वर सरकत जातो. याचा अर्थ असा की वर जाणाऱ्या माणसाच्या पुढचं पाणी हे त्याचं असतं. त्यानं तिथवर पोचायला तासभर घालवलेला असतो. आपल्यातला एक जण वरच्या पायवाटेनं आला आणि थेट त्या माशाच्या डोक्यावर पाण्यात उतरला. छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उतरायचे जलरोधक कपडे) घालून, दगड खडखडवत. मासा गेला. ते गृहस्थ उठले, रीळ गुंडाळलं आणि एक अक्षर न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मुक्कामाच्या घरच्या पोरानं चहा देताना मला विचारलं, "आपके महाराष्ट्रवाले आज किस तरफ जा रहे हैं? बाकी मेहमानों को मैं दूसरी तरफ भेज दूँ।" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो आपली सोय बघत होता. त्या वाक्यानं मला जितकं लागलं तितकं कुणी शिवी दिली असती तर लागलं नसतं.

आणि हे सगळं टाळायला काय लागतं? काठावरून हाक मारायची. "वर जाताय की खाली?" एवढं विचारायचं. ते वर जात असतील तर आपण त्यांच्या मागे खाली जावं, किंवा पुढे जायचंच असेल तर पाण्यापासून लांब, शेताच्या बांधाकडून मोठा वळसा घालून दोन-तीन वळणं सोडून उतरावं. किती अंतर, याचा आकडा मी देणार नाही. मोठ्या रुंद नदीत पन्नास फुटांवर उभं राहिलं तरी चालतं, तीर्थनसारख्या नदीत समोरचा माणूस दिसतोय तोवर आपण जवळच आहोत असं समजावं. दुसऱ्याला मासा लागला की आपली लाइन गुंडाळून बाजूला व्हावं. एखाद्या डोहात कुणी नुसताच बसला असेल तर तो डोह रिकामा आहे असं धरू नये, तो कदाचित पाणी शांत व्हायची वाट बघत असेल. आणि सफरचंदाच्या बागेतून जाताना मालकाला नमस्कार करावा. बाग त्याची आहे, वाट त्यानं दिलेली आहे.

मार्चमध्ये जाणाऱ्यांसाठी एक वेगळी विनंती. हिमाचलात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण थंडीच्या तोंडाला मादी बारीक वाळू-गोट्यांत अंडी घालते आणि थंड पाण्यात ती उबायला कित्येक आठवडे लागतात. हंगाम उघडला म्हणून सगळी पिल्लं बाहेर पडलेली असतात असं नाही. उथळ पाण्यात स्वच्छ, घासल्यासारखा गोट्यांचा पट्टा दिसला तर त्यात पाय घालू नका. आपल्यानंतर चार वर्षांनी येणाऱ्या माणसाचा मासा तिथे आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल लिहिताना मला सगळ्यात जड जातंय तिच्याकडे येतो. रविवारी सकाळी आपण मैदानावर कास्टिंगचा, म्हणजे लाइन टाकण्याचा, सराव करतो. मागच्या पावसाळ्यानंतर तिथे एक बाई येऊ लागल्या. चाळिशीच्या, बँकेत काम करणाऱ्या. तळेगावहून लोकलनं यायच्या, मुलाच्या क्रिकेटच्या बॅगेत रॉडची नळी घालून. तीन रविवार आल्या. फ्लायला वजन नसतं, वजन लाइनला असतं, आणि लाइन मागे पूर्ण उलगडेपर्यंत हात थांबवावा लागतो, ही गोष्ट डोक्याला पटकन कळते पण हाताला कळायला महिने लागतात. मला माझ्या गुरूंनी मैदानावर उभं करून मोठ्यानं "एक... दोन" म्हणायला लावलं होतं, दोन म्हटल्याशिवाय हात पुढे आणायचा नाही. सहा महिने मी एक-दोन म्हणत होतो आणि ते शेजारी सतरंजी टाकून पेपर वाचत बसायचे. एकदाही हसले नाहीत.

तिसऱ्या रविवारी त्या बाईंची लाइन त्यांच्याच खांद्यावर पडली. आपल्यातल्या एकानं मोठ्यानं विचारलं, "मॅडम, लाइन टाकताय की कपडे वाळत घालताय?" सात-आठ जण हसले. त्याही हसल्या. चौथ्या रविवारी त्या आल्या नाहीत. पाचव्याही नाहीत. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "मला मासे धरायचेच नव्हते हो. मला एकदा अशा नदीत उभं राहायचं होतं." रॉड त्यांनी विकून टाकला होता.

ज्यानं ते म्हटलं तो वाईट माणूस नाही. त्याच्या हातची लाइन बघत राहावी इतकी सुंदर जाते. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आहे. नव्या माणसाला काय बोलायचं, हे ज्याला चांगलं येतं त्यानं सगळ्यात जास्त जपलं पाहिजे. तीन हजारांचा रॉड घेऊन आलेल्या पोराला पहिला प्रश्न "कुठल्या कंपनीचा?" असा विचारला जातो, हेही मी ऐकलं आहे. त्याला विचारा की गाव कुठलं, गावाजवळ कुठली नदी आहे, तिच्यात कोणते मासे आहेत. तुम्हालाच काहीतरी नवं कळेल.

पद्धतींवरून होणारी भांडणंही आता पुरे करू या. तरंगती फ्लाय वापरणारे ड्राय फ्लायवाले पाण्याखाली जाणारी फ्लाय वापरणाऱ्या निंफवाल्यांना कमी लेखतात, दोघं मिळून धातूच्या चमच्यासारखं आमिष वापरणाऱ्या स्पूनवाल्यांना. या भांडणाचा शेवट काय होतो हे एकदा होऊन गेलेलं आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये टेस्ट आणि इचेन या नद्यांवर ड्राय फ्लायचे पुरस्कर्ते फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या अनुयायांनी जवळजवळ धर्मच करून टाकला होता: फ्लाय तरंगतीच हवी, प्रवाहाच्या वरच्या दिशेलाच टाकायची, वर येणाऱ्या माशालाच टाकायची. जी. ई. एम. स्क्यूज नावाचे वकील इचेनवर 1883 पासून गळ टाकत होते. माशांच्या पोटात काय सापडतं हे त्यांनी बारकाईनं पाहिलं आणि लक्षात आलं की मासा बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो. म्हणून ते पाण्याखाली जाणारी निंफ वापरू लागले. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निंफ हा प्रकार रीतीला धरून आहे की नाही यावर वाद ठेवला गेला. स्क्यूज तेव्हा 79 वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी पंचावन्न वर्षांचं आपलं पाणी सोडलं, कारण त्यांच्याच पाण्यावरच्या जोडीदारांना त्यांची पद्धत नको होती. आज तुमच्या प्रत्येकाच्या डबीत निंफ आहेत. मला या गोष्टीत निंफ बरोबर होती की नाही यापेक्षा एका 80 वर्षांच्या म्हाताऱ्याला त्याच्या नदीवर परकं वाटायला लावलं, हे जास्त बोचतं. हॅलफर्डवाल्यांचाही मी आदर करतो, माशाला नीट बघायला त्यांनीच शिकवलं. पण पद्धत माणसापेक्षा मोठी झाली की असं होतं.

महाशीरबद्दल एकच सांगतो. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडला आणि वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे इथे देवळाच्या डोहात महाशीर आहेत. लोक त्यांना चुरमुरे घालतात, कुणी धरत नाही. मागे आपल्यातल्याच एकानं मला विचारलं होतं, "आपण तर सोडूनच देतो, मग तिथे टाकायला काय हरकत?" हरकत आहे. तो मासा तिथल्या लोकांसाठी देवाचा आहे. गावकऱ्यांच्या श्रद्धेमुळे तो तिथे टिकला, कुठल्याही अँगलिंगच्या नियमामुळे नाही. आपल्या धरणांत आज महाशीर लागतो, त्यामागेही डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांच्यासारख्यांचे लोणावळ्यातल्या टाटांच्या महाशीर वाढवण्याच्या केंद्रातले वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत. देवळाच्या डोहावर रिकाम्या हातानं जा, काठावर बसा. दुपारी पाणी नितळ असताना ते मोठे खवले चमकताना दिसतात. मी तिथून परत येतो तेव्हा रॉड नेला नव्हता याचं कधी वाईट वाटत नाही.

आता काय करायचं ते. त्या धरणावर मी जानेवारीत दोनदा जाऊन आलो. जाळं सांधणाऱ्या त्या भाऊंना भेटलो, संस्थेच्या सचिवांशी बोललो. फ्लायवाल्यांना लेखी परवानगी द्यायला त्यांची ना नाही. जाळी कुठल्या बाजूला असतात आणि कुठल्या दिवशी काढतात हे ते आधी सांगतील, आपण त्या बाजूला जायचं नाही. वर्षाला ठरेल ती रक्कम संस्थेला द्यायची. अर्जाचा मसुदा मी केला आहे. त्यावर सह्या लागतील, आणि नुसत्या सह्या पुरणार नाहीत, माणसं समोर दिसली पाहिजेत.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कास्टिंगचा सराव नाही. सकाळी सात वाजता मैदानाच्या फाटकातून निघू, दोन गाड्या आहेत. रॉड कुणी आणू नका. तळेगावच्या त्या बाईंना मी फोन करून बोलावलं आहे, त्या येते म्हणाल्या आहेत, त्यांना वाटेत घेऊ. मी बरोबर नायलॉनच्या दोऱ्याची रिळं घेतली आहेत, भाऊ वापरतात त्याच जाडीची. ज्या मित्रानं जाळं कापलं त्याचं नाव मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ती रिळं त्यानं स्वतःच्या हातानं भाऊंना द्यावीत, एवढी माझी इच्छा आहे. त्याच्यासाठी पुढच्या गाडीत माझ्याशेजारची जागा ठेवली आहे.

तुमचा,
एक जुना गळवाला, पुणे